भंगारात गेलेली एसटी आणि पुठ्ठ्यातली एसटी

परवा निमोण्यात एका घरी पाणी प्यायला म्हणून थांबलो आणि दीड तास तिथंच अडकलो. ओसरीतल्या टेबलावर एसटी उभी होती. पंचावन्न सेंटिमीटर लांब, लाल, टपावर कॅरियर, मागं शिडी, समोर पाटी 'शिरूर – न्हावरा'. वाकून खिडकीतून आत बघितलं तर सीटा, दांडे, ड्रायव्हरच्या मागची जाळी, सगळं जागच्या जागी. आणि बाजूच्या पत्र्यावर रिव्हेटच्या ओळी! शिवणाची सुई उलटी धरून एकेक ठिपका दाबलेला. किती ठिपके आहेत विचारलं, तर पोरगं म्हणालं, "मोजले नाय सर, पण तीन रात्री गेल्या."

पोराचं नाव देत नाही. बारावीचं वर्ष आहे, आणि अभ्यास सोडून हे उद्योग चाललेत हे पेपरवाल्यानं गावभर केलं तर घरचे माझ्यावरच चिडतील.

त्यानं मला एक प्रश्न विचारला. ही पोस्ट त्या प्रश्नामुळं आहे. "सर, पहिली एसटी आपल्या शिरूरवरनंच गेली ना? मला ती बनवायचीय. पण निळी म्हणजे कुठली निळी? सगळे फोटो काळे-पांढरेच आहेत."

मित्रहो, वीसेक वर्षं बातम्या लिहितोय. १ जूनला एसटीचा वर्धापन दिन आला की ठरलेली चौकट लावतो: पहिली बस १ जून १९४८, पुणे-नगर मार्ग. झालं. त्या गाडीचा निळा कुठला, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. बातमी लिहिणाऱ्याला तारीख पुरते. गाडी बनवणाऱ्याला पायरीची उंचीसुद्धा लागते. तेव्हा म्हटलं, जरा नीट मांडू.

१ जून १९४८ ला ती गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली, म्हणजे शिरूरवरून. तेव्हा लोक शिरूर कमी आणि घोडनदी जास्त म्हणायचे. महामंडळाचं नाव त्या वेळी मुंबई राज्याचं होतं. महाराष्ट्र झाल्यावर ते बदललं. सुरुवातीला ३० बेडफर्ड गाड्या होत्या. बांधणी लाकडी, सीटा काथ्याच्या. बसायला तीस माणसं. रंग निळा आणि वर चंदेरी. पुढं सीटा तीसच्या पंचेचाळीस झाल्या, मग चोपन्न. लाकूड जाऊन पोलादी बांधणी आली. कोकणात पोलाद गंजायला लागलं, म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमचा पत्रा आला आणि रंगही निळ्याचा लाल झाला. आपण जिला 'लाल डबा' म्हणतो ती तिथून पुढची. म्हणजे एसटी जन्मतः लाल नाही. हे मी कट्ट्यावर सांगितलं तर दोघांनी पैज लावायची तयारी केली होती.

त्या सुरुवातीच्या वर्षांत ताफ्यात दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या: शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. फियाट! आज रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटच्या कारखान्यात कामाला जाणारी पोरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्याच कंपनीच्या गाड्या एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात होत्या, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिसच्या सांगाड्यावर दोन आरामगाड्याही काढल्या होत्या, 'नीलकमल' आणि 'गिरिआरोहिणी'. पुणे-महाबळेश्वर धावायच्या. दोन-दोनच्या सीटा, पडदे, आत घड्याळ, हिरवट काचा. एसटीत घड्याळ, हे वाचून मी स्वतः दोनदा चष्मा पुसला.

आता हे सगळं बोलायला ठीक आहे. पण या दहा कंपन्यांच्या गाड्या आज गेल्या कुठं? भंगारात. गाडी मोडीत निघते, पत्रा वितळतो, लाकूड चुलीत जातं. ज्यानं चालवली तोही जातो. मग मागं काय राहतं?

इथं जरा लांब जाऊ. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठावर दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथं एका गावकऱ्याला झुडपाचं खोड काढताना जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर. रथ ४५ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद, आणि त्यात उभा माणूस. चाकं भरीव. काळावरून अभ्यासकांत वाद झाले, पण बहुतेक जण तो उत्तर हडप्पा काळातला, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात.

४५ सेंटिमीटरचा रथ आणि ५५ सेंटिमीटरची एसटी. बघा.

तो रथ देवाचा होता, मिरवणुकीचा होता की आणखी कशाचा, ते विद्वानांनी ठरवावं. मला त्यातली एकच गोष्ट घ्यायचीय. त्या काळात खऱ्या गाड्या असणारच, लाकडाच्या. त्यातली एकही आज नाही. लाकूड कुजलं. जू कसं होतं, दांडी किती लांब होती, हाकणारा कुठं उभा राहायचा, हे आज दिसतं ते त्या छोट्या रथामुळं. आपल्याच तालुक्यात इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. तिथंही मातीच्या छोट्या डबीसोबत मातीची देवी आणि मातीचा बैल मिळाला. खरा बैल गेला. मातीचा राहिला.

आपल्या लहानपणी (चाळिशी ओलांडलेल्यांना विचारतोय) दुकानातली गाडी कुणाकडं होती? ज्वारीची ताटं सोलायची, आतलं भेंड काढायचं, सालाच्या काड्या खोचून बैलगाडी करायची. चाकं भेंडाच्या चकत्यांची. दोन दिवसांत सुकून मोडायची. मग तारेची गाडी आली. कुंपणाची नाहीतर विहिरीवरच्या मोटारीची जुनी तार, तिला वाकवून ट्रकचा सांगाडा, चाकं चपलेच्या तळव्याची गोल कापलेली, आणि छातीपर्यंत येणारी लांब स्टिअरिंगची दांडी. ती घेऊन आम्ही गावभर 'पीं पीं' करत फिरायचो. माझी गाडी कायम डावीकडं ओढायची. ते असो.

तिकडं विलायतेत याच खेळाचा धंदा झाला. मेकॅनो कंपनीनं छोट्या आगगाड्यांच्या शेजारी मांडायला म्हणून धातूच्या छोट्या मोटारी काढल्या. १९३४ पासून त्यांना 'डिंकी टॉइज' म्हणू लागले. आगगाडीच्या मापाला जुळावी म्हणून मोटार खऱ्याच्या साधारण त्रेचाळिसाव्या हिश्श्याची. आजही हौशी लोक १:४३ चं माप वापरतात ते तिथून आलेलं. मग १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स'. त्याची गोष्ट गमतीची आहे. लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापानं काडेपेटीत मावणारा रोडरोलर बनवून दिला. त्यातून सगळं साम्राज्य उभं राहिलं. १९६८ मध्ये अमेरिकेत 'हॉट व्हील्स' आलं.

भारतात यातलं उशिरा आणि उष्टं पोचलं. डिंकीचे जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला विकले गेले आणि तिथून 'निकी टॉइज' नावानं गाड्या निघाल्या. हॉट व्हील्स इथं लिओच्या नावानं बनायला लागलं तेव्हा आमची पिढी हायस्कुलात होती. आज शिरूरच्या स्टेशनरी दुकानात हॉट व्हील्सचा स्टँड असतो. जोडायचे प्लॅस्टिकचे संच हवे असतील तर टामिया, रेव्हेल अशा परदेशी कंपन्यांचे ऑनलाइन मागवायचे, किंमत हजारांत. आणि त्या डब्यात काय? फेरारी, पोर्शे, दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा. लाल डबा त्या डब्यात नसतो.

म्हणून आपल्याकडची पोरं डबा न घेताच कामाला लागली. हे निमोण्यापुरतं नाही. महाराष्ट्रात जिथं एसटी जाते तिथं, कोकणापासून विदर्भापर्यंत, पुठ्ठा आणि सनबोर्डच्या एसट्या बनवणारी पोरं आहेत. ती एकमेकांना फोटो पाठवतात, चुका काढतात. आणि चुका काढण्यात ही मंडळी आपल्या उपसंपादकापेक्षा कडक! 'एमएच १४ बीटी लिहिलंस, मग खिडकीची चौकट चिकलठाण्याची का?' असला प्रश्न येतो. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा. गाडी जिथं बांधली तिथल्या आरटीओचा नंबर. दापोडीची एमएच १४, आधीच्या एमएच १२. चिकलठाण्याची एमएच २०. हिंगण्याची एमएच ४०, आणि त्याआधी ३१. सांगाडा टाटाचा किंवा लेलँडचा, पण वरची गाडी आपल्या कामगारांच्या हातची. त्यामुळं तिन्ही ठिकाणच्या गाड्यांत बारीक फरक. हे फरक आज कागदावर कमी आणि या पोरांच्या डोक्यात जास्त आहेत.

आता बनवतात कसं, ते सांगतो, कारण मला ते फार आवडलं.

माप १:२०. अकरा मीटरच्या आसपासची बस पंचावन्न सेंटिमीटर होते. अडीच मीटर रुंदी साडेबारा सेंटिमीटर. आतला कंडक्टर सव्वाआठ सेंटिमीटर. चाक साधारण एक मीटरचं, म्हणजे पाच सेंटिमीटर. आता पाच सेंटिमीटरचं गोल काय मिळतं? शेतातला पन्नास एमएमचा पीव्हीसी पाइप! त्याच्या चकत्या कापायच्या, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. पोराच्या बापाच्या ठिबकच्या सामानातला दीड फूट पाइप असा गेलाय, आणि बापाला अजून पत्ता नाही. (आता लागेल.)

सांगाडा सनबोर्डचा. थर्माकोल घ्यायचा नाही, कारण स्प्रेचा रंग पडला की थर्माकोल वितळतो; पहिली गाडी त्यानं अशीच घालवली. काचा ओएचपीच्या पारदर्शक कागदाच्या. कागदाच्या कडांना आधी फेविकॉल-पाण्याचा हात, नाहीतर रंग पिऊन कडा फुगतात. मग प्रायमर, मग पॉलिश पेपर, परत प्रायमर, परत घासणं. त्याची बोटं बघितली, टोकं गुळगुळीत झालीत.

रंगाचं शास्त्र त्याच्याकडूनच कळलं. लालच्या खाली पांढरा पाहिजे. राखाडी प्रायमरवर थेट लाल मारला तर तो मेल्यासारखा दिसतो. पिवळा पट्टा असेल तर पिवळा आधी, त्यावर टेप, मग लाल. उलटं केलं तर पिवळ्यातून लाल डोकावतो. जाड हात द्यायचा नाही, रिव्हेट बुजतात. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट: खऱ्या एसटीचाच रंग डब्यातून काढून छोट्या गाडीवर मारला तर तो खोटा वाटतो, गडद दिसतो. लांबून बघितलेल्या गाडीचा रंग डोळ्याला थोडा फिका दिसतो ना, तसंच छोट्या गाडीचं. म्हणून लालात थोडा पांढरा टाकायचा. जगभरचे मॉडेलवाले हे करतात. या पोराला कुणी शिकवलेलं नाही. तो म्हणाला, "स्टँडवर उभा राहून लांबनं बघितलं आन् घरी येऊन तसा मिसळला."

आता मुद्द्यावर येतो.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम लागू झालाय. सरकारी खाती आणि परिवहन महामंडळं यांच्या पंधरा वर्षं झालेल्या गाड्यांची नोंदणी पुढं चालू राहत नाही, त्या मोडीत काढायच्या. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. आपली लेकरं त्या गाडीतून कॉलेजला जातात, खिळखिळी गाडी गेलेलीच बरी. पण हिशेब बघा. २०१२ ला बांधलेली ॲल्युमिनियमची गाडी २०२७ ला जाणार. २०१७-१८ च्या पुढं ॲल्युमिनियम मागं पडून लोखंडी बांधणीच्या गाड्या आल्या. अलीकडं तर अशोक लेलँडकडून दोन हजारांवर गाड्या तयार बांधणीच्याच घेतल्यात. म्हणजे रिव्हेट ठोकलेला पत्र्याचा लाल डबा, ज्यातून आपल्या तीन पिढ्या गेल्या, तो आणखी काही वर्षांत रस्त्यावर दिसणार नाही. निळी बेडफर्ड गेली तशीच ही.

महामंडळानं काहीच केलं नाही असंही नाही. २०१९-२० च्या सुमारास 'वारी लालपरीची' नावाचं फिरतं प्रदर्शन निघालं होतं, हौशी बसप्रेमींच्या संस्थेनं महामंडळाबरोबर केलेलं. एका बसमध्येच जुन्या-नव्या गाड्यांची मॉडेलं मांडली होती आणि ती गावोगाव फिरली. कल्पना झकास. पण त्यात काय मांडलं होतं? मॉडेलं! म्हणजे महामंडळाला स्वतःचा इतिहास दाखवायची वेळ आली तेव्हा हौशी पोरांच्या पुठ्ठ्यानंच हात दिला.

कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. भाऊसाहेब जोशींनी ते एकट्याच्या वेडातून उभं केलं. शाळांच्या सहली अजून तिथं जातात. एका घरानं जे केलं, ते ज्या खात्याकडं तीन कार्यशाळा आणि राज्यभर आगारं आहेत त्याला जड नाही.

या पोराला एका आगारातून हाकललं होतं. कुठलं आगार ते लिहीत नाही, कारण सुरक्षारक्षकानं त्याच्या जागी बरोबरच केलं; टेप घेऊन गाडीखाली शिरलेलं पोरगं बघून कुणीही ओरडेल. लेखी परवानगी आण म्हणाले. परवानगी कुणाकडून, ते मात्र कुणाला सांगता आलं नाही. शेवटी पठ्ठ्यानं न्हावऱ्याच्या गाडीत बसून वितीनं मापं घेतली. सीट दोन विती चार बोटं.

अमेरिकेत १९३० ते १९६८ एक स्पर्धा चालायची. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाची, शाळकरी आणि कॉलेजच्या वयाच्या पोरांसाठी. आधी नेपोलियनच्या काळातली बग्गी हुबेहूब बनवायची, पुढं स्वतःच्या कल्पनेतली मोटार, बाराव्या हिश्श्याच्या मापात. बक्षीस म्हणजे शिष्यवृत्ती. १९४७ ला चक जॉर्डन नावाचा पोरगा त्यात जिंकला, आणि तोच पुढं जनरल मोटर्सच्या सगळ्या डिझाइनचा प्रमुख झाला. त्या कंपनीला उपकार करायचे नव्हते. हात आणि डोळा असलेली पोरं शोधायची होती.

आपल्या रांजणगावात मोटारी बनतात. चाकणला बनतात. पिंपरीला बनतात. आपली पोरं तिथं कंत्राटावर नट आवळायला जातात. गाडीचा आकार ठरवणाऱ्या टेबलाजवळ किती जातात, ते ज्यानं त्यानं आपापल्या गावात मोजावं. डिझाइनच्या कॉलेजची फी ऐकली की बाप उठून गोठ्यात जातो. एसटीत आयटीआयच्या पोरांना अप्रेंटिस म्हणून घेतात, रंगारी, पत्राकाम, मोटार मेकॅनिक. निदान तिथं तरी असल्या पोराचं मॉडेल मार्कशीटच्या शेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे?

माझी मागणी मोठी नाही. दरवर्षी १ जूनला स्थानकात गाड्यांना हार घालतात, पेढे वाटतात. त्या दिवशी एक जुनी गाडी दोन तास उभी ठेवा, पोरांना टेप घेऊन आत सोडा. कार्यशाळांत जुनी ड्रॉइंग असतील ती स्कॅन करून मोकळी करा. आणि मोडीत काढताना प्रत्येक कार्यशाळेच्या बांधणीची एकेक ॲल्युमिनियमची गाडी वगळा, धुऊन-पुसून ठेवा. १ जून २०२२ ला पहिली विजेवरची 'शिवाई' सोडली ती मुद्दाम पुणे-नगर मार्गावरच सोडली, म्हणजे इतिहासाची आठवण वरच्यांनाही आहे. आमदार, खासदार, जिल्हा परिषदेचे इच्छुक, सगळेच ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. लाइक करून पुढं जाऊ नका.

आणि तुमच्यासाठी एक काम. १९६० च्या आधीचा पुणे-नगर रस्त्यावरचा, घोडनदी स्टँडवरचा, लग्नाच्या वऱ्हाडाचा, कसलाही फोटो, ज्यात मागं का होईना गाडी दिसते, तो घरात असेल तर मोबाइलवर काढून कॉमेंटमध्ये टाका. काळा-पांढरा चालेल. पायऱ्या, खिडक्या, चाकांच्या कमानी दिसल्या तरी पुष्कळ. घरात कुणी आजोबा-आजी त्या निळ्या गाडीत बसलेले असतील तर त्यांना रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड दाखवा आणि कुठल्या निळ्यावर बोट ठेवतात तो नंबर लिहून कळवा. कार्ड माझ्याकडं आहे, लागलं तर घेऊन येतो.

परीक्षा होईपर्यंत पोरगं नवीन गाडीला हात लावणार नाही, असं त्यानं आईला कबूल केलंय. पाइपच्या सहा चकत्या मात्र कापून ठेवल्यात. चार मागं, दोन पुढं.